कितासातो शिबासाबुरो

कितासातो शिबासाबुरो (२९ जानेवारी १८५३ – १३ जून १९३१) हे जपानी वैद्यकशास्त्रज्ञ व सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ होते. धनुर्वाताच्या जंतूचे शुद्ध संवर्धन त्यांनी १८८९ मध्ये प्रथम करून दाखविले. या जंतूच्या विषाचा प्रभाव नाहीसा करणारे द्रव्य प्रतिकारक्षम झालेल्या प्राण्याच्या रक्तात असते, हे त्यांनी एमील फोन बेरिंग या जर्मन सहकाऱ्यासमवेत १८९० मध्ये सिद्ध केले. आज ज्यांना प्रतिपिंडे म्हणतात त्यांच्या अभ्यासाचा आणि रक्तरसाने करावयाच्या उपचारांचा आरंभ याच शोधापासून मानला जातो. या कार्यासाठी १९०१ चे वैद्यकाचे पहिले नोबेल पारितोषिक बेरिंग यांना एकट्यांना मिळाले. हाँगकाँग येथील १८९४ च्या प्लेगच्या साथीतील संशोधन, जपानमधील पहिल्या संसर्गजन्य रोग संशोधन संस्थेची उभारणी आणि सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेची घडण यांसाठीही ते ओळखले जातात. जपानी प्रथेनुसार कुलनाम आधी लिहिले जाते. त्यामुळे कितासातो हे त्यांचे आडनाव व शिबासाबुरो हे व्यक्तिनाम होय.

## जन्म व शिक्षण

कितासातो यांचा जन्म क्यूशू बेटावरील हिगो प्रांतात, ओगुनी परिसरातील कितासातो या डोंगराळ खेड्यात झाला. हा प्रदेश आज कुमामोतो जिल्ह्यात मोडतो. त्यांचे वडील गावचे प्रमुख होते. बालपणी पारंपरिक पद्धतीचे शिक्षण झालेल्या शिबासाबुरो यांना सैनिक होण्याची ओढ होती. वैद्यकाविषयी त्यांना विशेष आस्था नव्हती. ते पंधरा वर्षांचे असताना, १८६८ मध्ये, जपानमध्ये मेजी राजवट सुरू झाली आणि पाश्चात्त्य विद्या आत्मसात करण्याचे धोरण देशाने स्वीकारले. आईवडिलांच्या आग्रहावरून १८७१ मध्ये ते कुमामोतो येथील वैद्यक विद्यालयात दाखल झाले. तेथे कॉन्स्टंट जॉर्ज फान मान्सफेल्ट हे डच वैद्य शिकवीत असत. त्यांच्या सहवासात सूक्ष्मदर्शकाखालील शरीररचना पाहिल्यानंतर कितासातो यांचे मन वैद्यकात रमले. डच भाषा त्यांनी इतक्या लवकर आत्मसात केली की गुरूंच्या व्याख्यानांचा अर्थ सहाध्यायांना सांगण्याचे काम त्यांच्याकडे आले.

पुढे ते टोकियो येथील वैद्यक विद्यालयात गेले. हे विद्यालय नंतर टोकियो विद्यापीठाचा भाग झाले. विद्यार्थिदशेत, १८७८ मध्ये, त्यांनी वैद्याच्या कर्तव्याविषयी एक निबंध लिहिला. रोग झाल्यावर तो बरा करणे हे वैद्यकाचे काम आहेच. परंतु लोकांना आरोग्याचे ज्ञान देऊन रोग होऊच न देणे हे त्याचे मूळ प्रयोजन होय, असे प्रतिपादन त्यात होते. १८८३ मध्ये पदवी मिळाल्यावर त्यांनी रुग्णालयातील अधिक वेतनाच्या पदांकडे पाठ फिरविली आणि गृहखात्याच्या आरोग्य विभागात नोकरी स्वीकारली. त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला. या विभागात त्यांनी ओगाता मासानोरी यांच्याकडून सूक्ष्मजंतुशास्त्राचे पहिले धडे घेतले. ओगाता हे कुमामोतो येथील त्यांचे जुने सहाध्यायी असून नुकतेच जर्मनीत शिकून परतले होते. नागासाकी येथे १८८५ मध्ये पटकीची (कॉलऱ्याची) साथ आली, तेव्हा रुग्णांच्या विष्ठेतील पटकीचे जंतू कितासातो यांनी दाखवून दिले. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने त्यांना उच्च अभ्यासासाठी जर्मनीस धाडले.

## बर्लिनमधील वास्तव्य

१८८६ च्या प्रारंभी कितासातो बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत दाखल झाले. कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधला होता आणि १८८४ मध्ये कोलकात्यात पटकीच्या जंतूवरील आपले संशोधन तडीस नेले होते. विशिष्ट रोगाचे कारण विशिष्ट जंतूच आहे हे सिद्ध करावयाचे, तर तो जंतू इतर सर्व जंतूंपासून वेगळा करून वाढविला पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. अशा वेगळ्या केलेल्या वाढीस शुद्ध संवर्धन म्हणतात. कितासातो यांनी प्रथम पटकी व आंत्रज्वर (विषमज्वर) यांच्या जंतूंवर काम केले. आम्ले, क्षार, उष्णता आणि शुष्कता यांचा जंतूंवर होणारा परिणाम मोजण्याचे ते किचकट काम होते. दिवसचे दिवस न कंटाळता तेच प्रयोग पुन्हा करून पाहण्याची त्यांची चिकाटी कॉख यांच्या ध्यानात आली आणि अधिक अवघड प्रश्न त्यांच्याकडे सोपविले जाऊ लागले.

## धनुर्वाताच्या जंतूचे शुद्ध संवर्धन

धनुर्वातात जबडा घट्ट मिटतो, स्नायू ताठरतात व शरीर धनुष्यासारखे वाकते. आर्थर निकोलायर यांनी १८८४ मध्ये मातीत असणारा एक काडीच्या आकाराचा जंतू या रोगाचे कारण असल्याचे दाखविले होते. तथापि तो इतर जंतूंपासून वेगळा करणे कोणालाही साधले नव्हते. हा जंतू अन्य जंतूंच्या सोबतीवाचून वाढूच शकत नाही, असे मत काही नामांकित शास्त्रज्ञांनी मांडले होते. ते खरे असते, तर कॉख यांचा दंडक या रोगापुरता लंगडा ठरला असता.

कितासातो यांनी या जंतूच्या दोन वैशिष्ट्यांचा उपयोग करून घेतला. पहिले असे की, तो प्रतिकूल परिस्थितीत कठीण कवचाची बीजुके तयार करतो व ती उष्णतेला दाद देत नाहीत. रोग्याच्या जखमेतील पू संवर्धकावर वाढवून त्यांनी ती मिश्र वाढ ८० अंश सेल्सिअस तपमानात पाऊण ते एक तास ठेवली. त्यामुळे सोबतचे इतर जंतू मेले व धनुर्वाताची बीजुके टिकून राहिली. दुसरे असे की, हा जंतू ऑक्सिजनाच्या सान्निध्यात वाढत नाही. म्हणून त्यांनी बाजूला नळी असलेली चपटी काचपात्रे तयार करून घेतली, त्यांतील हवा हायड्रोजन वायूने बाहेर काढली आणि नळ्या वितळवून बंद केल्या. या पात्रांत धनुर्वाताचा जंतू एकटा वाढला. तो उंदरांना टोचल्यावर त्यांना धनुर्वात झाला आणि त्यांच्या शरीरातून तोच जंतू पुन्हा मिळविता आला. १८८९ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले.

या प्रयोगांतून आणखी एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. धनुर्वाताने मेलेल्या प्राण्यांत जंतू केवळ टोचलेल्या जागी सापडत. रक्तात किंवा मज्जातंतूंत ते आढळत नसत. जखम पायाला झालेली असली, तरी जबडा मिटतो व सर्व शरीर ताठरते. जंतू जागचे हलत नसतील, तर त्यांच्यापासून निघणारे काहीतरी शरीरभर पसरत असले पाहिजे. एमील रू व आलेक्सांद्र येरसँ यांनी पॅरिस येथे १८८८ मध्ये घटसर्पाच्या जंतूबाबत असे विष दाखविले होते. डेन्मार्कचे क्नुड फाबर यांनी १८९० मध्ये धनुर्वाताबाबतही ते दाखविले. जंतू अडतील इतक्या सूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून संवर्धनाचा द्रव गाळला, तर त्या जंतुविरहित द्रवानेही प्राण्यास धनुर्वात होतो, याची खात्री कितासातो यांनीही करून घेतली. म्हणजे प्राणघातक होते ते जंतुविष.

## बेरीबेरीविषयीचा वाद

याच सुमारास कितासातो एका अप्रिय वादात सापडले. बेरीबेरी हा पाय सुजणे, अशक्तपणा व हृदयविकार ही लक्षणे असणारा रोग त्या काळी जपानच्या सैन्यात आणि शहरांत फार होता. त्याचा जंतू आपणास सापडला आहे, असे ओगाता यांनी १८८५ मध्ये जाहीर केले होते. कितासातो यांनी बर्लिनमधून या दाव्याची छाननी केली. ओगाता यांची प्रायोगिक पद्धत सदोष असून त्यांचा जंतू बेरीबेरीचे कारण असल्याचे सिद्ध होत नाही, असे मत त्यांनी १८८९ मध्ये प्रसिद्ध केले.

ओगाता हे त्यांचे या शास्त्रातील पहिले शिक्षक होते आणि जर्मनीस जाताना त्यांचे शिफारसपत्रही कितासातो यांना लाभले होते. त्यामुळे टोकियोच्या विद्यापीठ वर्तुळात या टीकेकडे गुरुद्रोह म्हणून पाहिले गेले. कितासातो यांची भूमिका अशी होती की, व्यक्तीविषयी आदर बाळगूनही तिच्या प्रयोगातील चूक दाखविता येते आणि ती दाखविणे शास्त्राच्या दृष्टीने आवश्यकही असते. ओगाता यांनी स्वतः त्यांच्याशी दीर्घकाळ वैर धरले नाही. विद्यापीठाशी आलेला दुरावा मात्र आयुष्यभर टिकला. बेरीबेरी हा जंतुजन्य रोग नसून सडलेल्या, म्हणजे कोंडा काढलेल्या, तांदळाच्या आहारामुळे होणाऱ्या ब१ जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो, हे पुढील काही दशकांत स्पष्ट झाले. कितासातो यांनी रोगाचे खरे कारण सांगितले नव्हते, परंतु दाखविलेले कारण चुकीचे आहे हे त्यांनी योग्य वेळी सांगितले.

## प्रतिविषाचा शोध

जर्मन सैन्यातील वैद्य एमील फोन बेरिंग १८८९ मध्ये कॉख यांच्या संस्थेत आले. ते घटसर्पावर काम करीत होते. जंतुनाशक रसायनांच्या साहाय्याने घटसर्पातून वाचलेले प्राणी त्या रोगाला पुन्हा बळी पडत नाहीत, असे त्यांना आढळले होते. हे संरक्षण शरीरात नेमके कोठे असते हे ठरविण्यासाठी शुद्ध जंतू आणि मोजता येण्याजोगे विष हाताशी असणे जरूर होते. धनुर्वाताबाबत ती दोन्ही कितासातो यांच्याकडे सिद्ध होती.

कितासातो यांनी आयोडीन ट्रायक्लोराइड या रसायनाचा उपयोग करून सशांत धनुर्वाताविषयी प्रतिकारक्षमता निर्माण केली. अशा सशाचे थोडे रक्त काढून ते गोठण्यापूर्वीच उंदरांच्या उदरपोकळीत टोचले. काहींना ०.२ घन सेंमी. व काहींना ०.५ घन सेंमी. रक्त दिले. चोवीस तासांनी या उंदरांना धनुर्वाताचे जंतू टोचले असता ते निरोगी राहिले. रक्त न दिलेले उंदीर मेले. त्यानंतर त्यांनी रक्तपेशी वगळून केवळ रक्तरस, म्हणजे गोठलेल्या रक्तापासून सुटणारा पिवळसर निवळ द्रव, वापरून पाहिला. त्याचाही परिणाम तोच झाला.

सर्वांत निर्णायक प्रयोग काचपात्रातला होता. ज्या गाळलेल्या द्रवाचा ०.०००१ घन सेंमी. एवढा अंशही उंदरास मारण्यास पुरेसा होता, त्याचा एक भाग प्रतिकारक्षम सशाच्या पाच भाग रक्तरसात मिसळून ते मिश्रण चोवीस तास ठेवले. त्यातील ०.२ घन सेंमी. टोचलेल्या उंदरांच्या शरीरात मारक मात्रेच्या तीनशे पटींहून अधिक विष गेले होते. तरीही ते जगले. साध्या सशाच्या रक्तरसात असा गुण आढळला नाही.

या प्रयोगांचा अर्थ तेव्हाच्या वैद्यकाला नवा होता. शरीराचे रक्षण जंतूंना गिळणाऱ्या पेशी करतात, असे एल्या मेच्निकोव्ह यांचे मत तेव्हा गाजत होते. पेशीविरहित रक्तरसातही संरक्षक द्रव्य असते, ते जंतूच्या विषावर कार्य करते, शरीराबाहेर काचपात्रातही कार्य करते आणि एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे देता येते, हे आता दिसून आले. पेशी व रक्तरस या दोहोंचाही शरीराच्या संरक्षणात वाटा असतो हे पुढे मान्य झाले. कितासातो व बेरिंग यांचा संयुक्त निबंध ४ डिसेंबर १८९० रोजी एका जर्मन वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. निबंधाच्या शीर्षकात घटसर्प व धनुर्वात या दोन्ही रोगांचा उल्लेख असला, तरी त्यात सविस्तर दिलेले प्रयोग धनुर्वाताचे होते. घटसर्पाविषयीचा निबंध बेरिंग यांनी पुढील आठवड्यात स्वतंत्रपणे प्रसिद्ध केला.

रक्तातील हे द्रव्य विषाचा नाश करते, अशी त्या वेळी समजूत होती. ते विषाच्या रेणूस घट्ट बांधून त्याला निष्प्रभ करते, हे नंतर समजले. अशा द्रव्यांस प्रतिविषे हे नाव मिळाले आणि विषांशिवाय इतर परकीय द्रव्यांविरुद्धही शरीर अशीच द्रव्ये तयार करते असे आढळल्यावर प्रतिपिंडे ही व्यापक संज्ञा रूढ झाली.

## मायदेशी पुनरागमन

कितासातो यांना १८९२ मध्ये प्रशियाच्या सरकारने प्राध्यापक ही सन्मानदर्शक पदवी दिली. परदेशांतील संस्थांकडूनही त्यांना बोलावणी आली होती. आपल्याला शिकण्यासाठी पाठविणाऱ्या देशातच काम करावयाचे, असे ठरवून ते त्या वर्षी जपानला परतले. तेथे त्यांच्यासाठी प्रयोगशाळा तयार नव्हती. बेरीबेरीच्या वादामुळे विद्यापीठाची दारे त्यांना मोकळी नव्हती आणि सरकारी निर्णयास विलंब लागत होता.

अशा वेळी केइओ विद्यालयाचे संस्थापक व विचारवंत फुकुझावा युकिची त्यांच्या साहाय्यास आले. फुकुझावा यांनी टोकियोतील शिबा उद्यानाजवळची स्वतःच्या ताब्यातील जागा देऊ केली, उद्योगपती मोरिमुरा इचिझाएमोन यांनी आर्थिक मदत केली आणि १८९२ च्या अखेरीस संसर्गजन्य रोग संशोधन संस्था एका लहानशा इमारतीत सुरू झाली. लवकरच जागा अपुरी पडू लागली. नव्या जागेच्या परिसरातील रहिवाशांनी, जंतू पसरतील या भीतीने, संस्थेस जोरदार विरोध केला. तेव्हा फुकुझावा यांनी आपल्या एका मुलाचे घर संस्थेच्या शेजारीच बांधविले. हा विरोध पुढे मावळला. १८९९ मध्ये ही संस्था शासनाच्या मालकीची झाली. क्षयरोग्यांसाठी त्यांनी १८९३ मध्ये एक आरोग्यधामही काढले. घटसर्पाचा रक्तरस जपानमध्ये तयार करून रुग्णांना देण्याचे कार्य याच संस्थेने सुरू केले.

## हाँगकाँग येथील प्लेग

१८९४ मध्ये दक्षिण चीनमधील प्लेगची साथ हाँगकाँगला पोहोचली. जपान सरकारने कितासातो व आओयामा तानेमिची यांच्या नेतृत्वाखाली एक पथक तेथे पाठविले. ते १२ जून रोजी पोहोचले आणि १४ जून रोजी कितासातो यांना मृत रुग्णाच्या शरीरात एक जंतू दिसला. फ्रेंच संशोधक येरसँ १५ जून रोजी तेथे आले. स्थानिक ब्रिटिश अधिकाऱ्यांचे साहाय्य जपानी पथकाला मिळाले होते. येरसँ यांना गवताच्या झोपडीत प्रयोगशाळा थाटावी लागली. तरीही काही दिवसांत त्यांनी रुग्णांच्या गाठींतून प्लेगचा जंतू वेगळा केला. जपानी पथकातील आओयामा यांना स्वतःलाच प्लेग झाला, परंतु ते वाचले.

कितासातो यांचे वृत्त आधी प्रसिद्ध झाले, पण त्यातील जंतूच्या वर्णनात विसंगती होत्या. रंजनपरीक्षेतील प्रतिक्रिया व हालचाल यांविषयी त्यांनी दिलेली माहिती प्लेगच्या जंतूशी पूर्णपणे जुळत नव्हती. त्यांच्या संवर्धनात फुप्फुसदाहाच्या जंतूंची भेसळ झाली असावी, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. येरसँ यांचे वर्णन अचूक ठरले व पुढे या जंतूस त्यांच्याच नावावरून येरसिनिया पेस्टिस हे नाव मिळाले. कितासातो यांनी प्लेगचा जंतू पाहिला होता, यावर बहुतेक इतिहासकारांचे एकमत आहे. शोधाचे श्रेय दोघांना विभागून द्यावे की येरसँ यांनाच द्यावे, याविषयी मतभेद आहेत. धनुर्वाताचा जंतू भेसळीतून वेगळा काढून कीर्ती मिळविलेल्या संशोधकास घाईच्या वेळी भेसळीनेच दगा द्यावा, ही या प्रकरणातील लक्षणीय गोष्ट होय.

हीच साथ सागरी व्यापारमार्गाने १८९६ मध्ये मुंबईस आली आणि पुढे पुण्यासह सर्व मुंबई इलाख्यात पसरली. रुग्णांची शुश्रूषा करीत असता सावित्रीबाई फुले यांचे १० मार्च १८९७ रोजी पुण्यात प्लेगने निधन झाले. जंतू दोनच वर्षांपूर्वी ओळखला गेला असल्याने वाल्देमार हाफकिन यांना त्याचे संवर्धन करून मुंबईत प्लेगप्रतिबंधक लस तयार करता आली. १८९७ च्या जानेवारीत त्यांनी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली.

## रक्तरस-उपचार व नोबेल पारितोषिक

प्रतिविषाचा शोध प्रयोगशाळेतून रुग्णालयात जाण्यास काही वर्षे लागली. लहान प्राण्यांपासून मिळणारा रक्तरस अपुरा पडत असल्याने मेंढ्या व नंतर घोडे यांचा उपयोग करण्यात आला. घोड्यास जंतुविषाच्या वाढत्या मात्रा देऊन त्याच्या रक्तरसात भरपूर प्रतिविष निर्माण केले जाई. पाउल एर्लिख यांनी प्रतिविषाचे सामर्थ्य मोजण्याची पद्धत बसविली, तेव्हा उपचारांत निश्चितता आली. पॅरिस येथे रू व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९४ मध्ये घोड्याचा रक्तरस वापरल्यावर घटसर्पाच्या बालरुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले.

धनुर्वाताबाबत उपचाराचे यश मर्यादित होते. जबडा मिटू लागतो तेव्हा विषाचा काही भाग मज्जातंतूंत शिरलेला असतो व तेथे प्रतिविष पोहोचत नाही. जखम होताच प्रतिविष दिल्यास मात्र रोग टळतो. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना ते दिले जाऊ लागल्यावर धनुर्वाताचे प्रमाण झपाट्याने घटले. बाहेरून दिलेले हे संरक्षण काही आठवडेच टिकते आणि घोड्याच्या रक्तरसामुळे कित्येकांना अंगावर पित्त उठणे, ताप व सांधेदुखी असा त्रास होतो. विष निर्विष करून ते लशीच्या रूपात देण्याची पद्धत १९२० नंतर विकसित झाली. बालकांना दिल्या जाणाऱ्या त्रिगुणी लशीतील घटसर्प व धनुर्वात यांचे घटक याच पद्धतीने तयार होतात.

१९०१ मध्ये वैद्यकाचे पहिले नोबेल पारितोषिक रक्तरस-उपचारासाठी, विशेषतः घटसर्पावरील उपचारासाठी, बेरिंग यांना देण्यात आले. त्या वर्षी नामनिर्देश झालेल्यांत कितासातो यांचेही नाव होते. घटसर्पाने दरवर्षी असंख्य बालके दगावत. त्यावरील उपचाराचा विकास बेरिंग यांनी युरोपात राहून केला आणि कितासातो १८९२ मध्येच जपानला परतले होते, असे कारण या निर्णयाच्या समर्थनार्थ दिले जाते. उलटपक्षी, ज्या निबंधाने तत्त्व प्रस्थापित झाले त्यातील प्रयोग धनुर्वाताचे होते व त्यांचा पाया कितासातो यांनी घातला होता, म्हणून पारितोषिक विभागून द्यावयास हवे होते, असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले आहे.

## संस्थेचा त्याग व नवी उभारणी

कितासातो यांच्या संस्थेत जपानी सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञांची एक पिढी घडली. शिगा कियोशी यांनी १८९७ च्या साथीत आमांशाचा (रक्ती हगवणीचा) जंतू येथेच शोधला. शिगेला हे त्याचे नाव त्यांच्यावरून आले. हाता साहाचिरो यांनी पुढे जर्मनीत एर्लिख यांच्यासमवेत उपदंशावरील साल्व्हरसान या औषधाच्या शोधात भाग घेतला. नोगुची हिदेयो यांनीही उमेदवारीच्या काळात येथे काम केले. कितासातो शिस्तीचे कडक व तापट होते. मेघगर्जना या अर्थाच्या जर्मन शब्दाने शिष्य त्यांचा उल्लेख करीत.

१९०८ मध्ये कॉख जपानला आले, तेव्हा कितासातो यांनी त्यांच्या संपूर्ण दौऱ्याची व्यवस्था पाहिली. १९१० मध्ये कॉख यांचे निधन झाल्यावर त्यांनी संस्थेच्या आवारात गुरूंच्या स्मरणार्थ शिंतो पद्धतीचे एक लहान देवस्थान उभारले व त्यात त्यांचे केस जतन करून ठेवले.

१९१४ च्या ऑक्टोबरात सरकारने ही संस्था गृहखात्याकडून काढून शिक्षणखात्याकडे दिली आणि टोकियोच्या विद्यापीठाशी जोडण्याचा निर्णय केला. या निर्णयापूर्वी कितासातो यांचा सल्ला घेतला गेला नव्हता. संशोधन, लसनिर्मिती व सार्वजनिक आरोग्यकार्य यांची सांगड विद्यापीठात राहणार नाही, असे त्यांचे मत होते. त्यांनी संचालकपदाचा राजीनामा दिला. शिगा व हाता यांच्यासह सहकारी वर्गानेही त्यांच्यामागोमाग राजीनामे दिले. त्याच वर्षी ५ नोव्हेंबर रोजी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, त्यांनी स्वतःच्या खर्चाने कितासातो संस्थेची स्थापना केली.

## अखेरची वर्षे

फुकुझावा १९०१ मध्ये निवर्तले होते. त्यांच्या केइओ विद्यापीठात १९१७ मध्ये वैद्यक विभाग सुरू झाला, तेव्हा कितासातो यांनी त्याचे पहिले प्रमुखपद स्वीकारले व ते अनेक वर्षे सांभाळले; या कार्यासाठी त्यांनी वेतन घेतले नाही. १९०८ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे परदेशी सदस्य झाले होते. १९११ मध्ये मांचुरियातील फुप्फुसी प्लेगच्या साथीनंतर मुकडेन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी जपानचे प्रतिनिधित्व केले. १९२३ मध्ये ते जपान वैद्यक संघाचे पहिले अध्यक्ष झाले आणि १९२४ मध्ये त्यांना बॅरन हा किताब मिळाला. १३ जून १९३१ रोजी टोकियो येथे मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. शिष्यांनी कॉख यांच्याप्रमाणेच त्यांचेही स्मृतिस्थान उभारले. पुढे दोन्ही एकत्र करण्यात आली.

## वारसा

कितासातो संस्थेने १९६२ मध्ये कितासातो विद्यापीठाची स्थापना केली. याच परंपरेतील ओमुरा सातोशी यांना परजीवी कृमींमुळे होणाऱ्या रोगांवरील उपचारांबद्दल २०१५ च्या वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. ३ जुलै २०२४ पासून चलनात आलेल्या एक हजार येनच्या जपानी नोटेवर कितासातो यांचे चित्र आहे. त्यापूर्वीच्या नोटेवर नोगुची यांचे चित्र होते.

रक्तरसापासून मिळविलेले प्रतिविष हे तत्त्व १८९४ मध्ये सर्पविषालाही लागू करण्यात आले. मुंबईत परळ येथे हाफकिन यांच्या नावाने उभ्या असलेल्या संस्थेत सर्पदंशावरील औषध दीर्घकाळ याच पद्धतीने तयार होत आले. भारतातील ग्रामीण आरोग्यकेंद्रांत सर्पदंश झालेल्या शेतकऱ्यास आजही जी लस टोचली जाते, ती लोकव्यवहारात लस म्हणून ओळखली जात असली, तरी वस्तुतः प्रतिपिंडे असलेला रक्तरसाचा अंश असतो. एका प्राण्याचे संरक्षण दुसऱ्याला देता येते, हे १८९० मध्ये सशाच्या रक्तावरून सिद्ध झालेले तत्त्वच तेथे उपयोगी पडते.